नवव्या खोलीतली म्हातारी

रुग्णालयाच्या औषध विभागात त्यांना सगळे दोनचष्मी म्हणत. तोंडावर अर्थातच ‘बाई’. एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा कायम केसांत खोचलेला. डोळ्यांवरचा लांबचा, रांगेत कोण कण्हतंय आणि कोण उगाच पुढे घुसतंय ते बघायला. केसांतला जवळचा, डॉक्टरांचं अक्षर लावायला. एकतीस वर्षं त्या एकाच खिडकीत बसल्या होत्या. या काळात तीन वेळा इमारतीला रंग दिला, दोनदा खिडकीची काच बदलली, आणि डॉक्टरांचं अक्षर होतं तसंच राहिलं.

काम जोडीने चाले. बाई चिठ्ठी वाचायच्या, मागच्या फळ्यांवरून औषधं काढून ट्रेमध्ये ठेवायच्या. शेजारच्या खुर्चीवरचा जोडीदार तो ट्रे चिठ्ठीशी पुन्हा ताडून बघायचा आणि मगच पिशवीत भरायचा. हा जोडीदार दिवसभर दातांतून शिट्टी वाजवायचा, म्हणून त्याचं नाव शिट्टी. माणूस भला होता. बाईंची चूक काढायची वेळ आपल्यावर येणार नाही याची त्याला इतकी खात्री होती की ताडून बघताना तो सूर बदलतसुद्धा नसे.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, बाहेर कपडे वाळत घालायची दोरी, आणि आठवड्यातून एकदा येणारी भाची. भाची इमारतींचे आराखडे काढायच्या कचेरीत नोकरीला होती आणि मावशीवर जीव टाकायची.

आता भीतीचं सांगतो, कारण त्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. रक्त, साथीचे रोग, रांगेतली भांडणं, साहेबांचा आवाज, यातल्या कशालाच त्या घाबरत नसत. त्या घाबरत विसरण्याला. त्यांच्या आईला एकोणसाठाव्या वर्षी विसर पडू लागला आणि पुढची सहा वर्षं बाईंनी ते रोज जवळून पाहिलं. बाई आता सत्तावन्न वर्षांच्या होत्या. एखादा शब्द पटकन आठवला नाही की त्या मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजत. शंभरच्या आत आठवला तर सुटल्या. परवा परवा ‘गाळणी’ हा शब्द ब्याण्णवला आठवला, तोवर चहा उतू गेला होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगितल्या की खऱ्या होतात अशी त्यांची समजूत होती. एरवी हसण्यासारखी समजूत, पण ज्याने आपल्या आईला ओळख सांगून सांगून घसा कोरडा केला आहे त्याला हसू नये.

पाच वर्षांपूर्वी पाय मोडून त्या घरी पडल्या, तेव्हा भाचीने त्यांना एक खेळ शिकवला. एक माणूस गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय होतं ते फासे ठरवतात. पण बाईंच्या घरी बाकीचे कुठून आणायचे? म्हणून भाचीने एकट्याने खेळायची रीत दाखवली. सांगणारे आपणच, ऐकणारे आपणच. ‘दाराला कुलूप आहे का?’ असं आपणच विचारायचं आणि उत्तर फाशाला द्यायला लावायचं. बाईंनी आपलं पात्र केलं ते एका लंगड्या वाटाडीचं. हातात कंदील घेऊन ती जमिनीखालच्या भुयारांतून फिरायची. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी हाताळून आलेली बाई संध्याकाळी तासभर त्या वाटाडीबरोबर अंधारात शिरे आणि ताजीतवानी होऊन बाहेर येई. पाय बरा झाला तरी खेळ सुटला नाही. चौकटीच्या कागदांच्या अकरा वह्या नकाशांनी भरल्या.

एकट्याने खेळण्यात एक अडचण असते, आणि ती प्रत्येक खेळणाऱ्याला छळते. नकाशा आपणच काढला तर दारामागे काय आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. मग घाबरायचं कशाला? आणि नकाशा फाशांवर सोडला तर फासे वेड्यासारख्या खोल्या काढतात. एकदा बाईंच्या भुयारात एकापुढे एक तीन न्हाणीघरं निघाली होती.

“मावशी, आता वह्या बास,” भाची म्हणाली. “कॉम्प्युटरवर खेळ. नकाशा काढायचा, भिंती घालायच्या आणि अंधार करायचा. तुझ्या कंदिलाचा उजेड पोचेल तेवढंच तुला दिसेल.”

“पण काढणार मीच ना?”

“काढायचं आणि महिनाभर बाजूला ठेवायचं. विसरलीस की खेळायचं. सगळे तसंच करतात.”

“मी नाही विसरत,” बाई म्हणाल्या. त्या इतक्या तुटकपणे म्हणाल्या की भाचीने विषय बदलला.

भाचीने तीन सॉफ्टवेअर सुचवली. बाईंनी नव्या औषधाला लावतात तसा तक्ता आखला: उपयोग, मात्रा, दुष्परिणाम. पहिलं सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालणारं. ते मुळात पाच-सहा जणांनी मिळून खेळण्यासाठी केलेलं. उघडलं की पडद्यावर रिकाम्या खुर्च्या दिसत आणि खाली अक्षरं येत, ‘इतर खेळाडूंची वाट पाहत आहोत’. बाईंनी तीन संध्याकाळी ते वाक्य सहन केलं आणि दुष्परिणामांच्या रकान्यात लिहिलं, ‘टोमणे मारतं.’ दुसरं फक्त नकाशे काढायचं. डोंगर, झाडं, नद्या, सगळं इतकं देखणं की बाईंनी दोन दिवस नुसतं एक जंगल लावलं. पण त्यात अंधार नव्हता. सगळंच दिसत होतं. ‘शोभेचं,’ बाईंनी लिहिलं.

तिसरं दिसायला अगदीच रूक्ष. करडा पडदा, काळ्या रेघा. पण ते आपल्याच कॉम्प्युटरवर राही, कोणाची वाट पाहत बसत नसे, आणि त्यात भिंती, दारं, उजेड, सगळं होतं. शिवाय एक बटण होतं. ते दाबलं की आपोआप खोल्या तयार होत. बाईंनी एका सोमवारी ते बटण दाबून पाहिलं, चौकोनांची एक रांग आली. उद्या नीट बघू म्हणून त्या उठल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्या खेळायला बसल्या आणि थक्क झाल्या. भुयार भलतंच सुरेख होतं. पहिली खोली अरुंद, तिच्यात भिंतभर फळ्या. दुसरीत एक छोटी खिडकी, पण पलीकडे माती. पाचवीतल्या फरशीखाली विहीर. प्रत्येक खोलीत शिरलं की दोन ओळींचं वर्णन उघडे. वाटाडी कंदील धरून पुढे सरकत होती आणि बाईंचा हात माऊसवर घामेजला होता. नवव्या खोलीचं दार त्यांनी उघडलं. उजेड हळूच आत पसरला. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून एक म्हातारी विणत बसली होती. खाली अक्षरं आली, ‘ती मागे वळून बघत नाही. तुझ्या पावलांवरून तिला कळलं आहे की तूच आलीस.’

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि त्या खूश झाल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या स्वतःच्या खेळाला खरोखर घाबरल्या होत्या. त्यांनी लगेच भाचीला फोन लावला.

“ठरलं बघ. तिसरंच घ्यायचं. याचं डोकं माणसासारखं चालतं गं. काय खोल्या काढल्यात त्याने.”

“आले की बघते,” भाची म्हणाली.

रविवारी दुपारी भाची आली. चहाचा कप हातात घेऊन तिने भुयार पाहिलं, नववी खोली उघडली, वर्णन वाचलं. मग कप खाली ठेवला.

“मावशी, हे छान आहे. पण हे त्या बटणाने केलेलं नाही.”

“म्हणजे?”

“बटण नुसते चौकोन टाकतं. त्याला विहीर येत नाही आणि म्हातारी तर नाहीच नाही. थांब, यात नोंद असते.” तिने कोपऱ्यात कुठेतरी दाबलं आणि एक लांबलचक यादी उघडली. “हे बघ. मंगळवार. संध्याकाळी पाच दहापासून सहा पंचावन्नपर्यंत. सगळं हाताने काढलंय. तूच काढलंस.”

बाईंनी केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर घेतला, तो आधीच्या चष्म्यावर आपटला.

“हो, मग?” त्या हसून म्हणाल्या. “मीच काढलं. तुझी गंमत केली.”

भाचीही हसली. “भारीच की गं तू,” म्हणाली आणि चहा पिऊ लागली. आपल्याला खोटं इतक्या सहज बोलता येतं हेही बाईंना त्याच दिवशी कळलं.

भाची गेल्यावर त्यांनी दाराला कडी लावली, पडदे सरकवले, बाहेर चांगलं ऊन असताना दिवा लावला आणि यादी वाचायला घेतली. पाच दहा: भिंत काढली. पाच अकरा: भिंत काढली. पाच चौदा: भिंत पुसली. पाच बेचाळीस: वर्णन लिहिलं, ‘भिंतीकडे तोंड करून बसलेली बाई’. पाच चव्वेचाळीस: ‘बाई’ खोडून ‘म्हातारी’ केलं. सहा सात: विणकाम वाढवलं. म्हणजे कोणीतरी शांतपणे, विचार करून, शब्द बदलून हे लिहिलं होतं. त्या कोणाला तरी ही खोली नीट जमायला हवी होती. आणि ते कोणीतरी याच खुर्चीवर, याच चष्म्याने बसलं होतं.

मंगळवारचं त्यांना काय आठवत होतं? खिडकी बंद केली. घरी आल्या. दोरीवर कपडे वाळत घातले. त्यानंतर एकदम बुधवारची सकाळ. त्यांनी शंभरपर्यंत मोजलं. मग पुन्हा एकपासून मोजलं. पावणेदोन तासांतलं एक मिनिटही हाती लागलं नाही.

आईचं एक आठवलं मात्र. आजाराच्या दुसऱ्या वर्षी आईला तिनेच विणलेला स्वेटर दाखवला होता. आईने तो उलटासुलटा करून पाहिला, टाके मोजले आणि कौतुकाने म्हणाली, “कोणी विणला गं हा? हात चांगला आहे हं.” तेव्हा बाई न्हाणीघरात जाऊन रडल्या होत्या. गुरुवारी आपण भाचीला फोनवर काय सांगितलं तेही त्यांना आठवलं, शब्दन् शब्द. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, आणि बंद केल्यावरही त्यांना त्याच्याकडे पाठ करून बसवेना.

पण खरी भीती अजून यायची होती. ती सोमवारी पहाटे आली, दात घासताना. संध्याकाळ गेली ती गेली, पण मंगळवारचा दिवस? मंगळवारी दिवसभर त्या खिडकीत होत्या. दीडशे तरी चिठ्ठ्या. हृदयाच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, लहान मुलांची थेंबांची औषधं. त्यांतली एकही चिठ्ठी त्यांना आठवत नव्हती. कोणाला काय दिलं आपण? त्या तशाच, तोंड न पुसता, आरशासमोर उभ्या राहिल्या. नकाशातली खोली चुकली तर वाटाडी भिंतीवर आपटते, फार तर फासे पुन्हा टाकायचे. ट्रेमधली बाटली चुकली तर कोणाचं तरी मूल उठत नाही.

विभाग उघडायच्या तासभर आधी त्या पोचल्या. खिडकीच्या दाराची किल्ली पर्समध्ये नव्हती. साहेबांच्या खोलीबाहेर खिळ्यावर टांगलेली दिसली. कुलूप दुसऱ्या खेपेला उघडलं, आणि किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली. मंगळवारच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून त्या फळ्यांच्या मध्ये स्टुलावर बसल्या आणि एकेक चिठ्ठी तपासू लागल्या. औषध, ताकद, किती, आपली सही. बरोबर. बरोबर. बरोबर. साठ झाल्या, ऐंशी झाल्या. जरा श्वास मोकळा झाला. अक्षर ठाम होतं, कुठे खाडाखोड नाही. या बाईवर कोणीही विश्वास ठेवावा असं ते अक्षर.

शंभरच्या पुढे एक चिठ्ठी निघाली. फेफऱ्याचं पातळ औषध, वय चार वर्षं. खाली त्यांची सही, आणि सहीशेजारी शिट्टीच्या लाल पेनाने लिहिलेलं, ‘दुप्पट ताकदीची बाटली निघाली होती. बदलून दिली.’

त्यांनी ती लाल ओळ पुन्हा वाचली. मूल वाचलं होतं. शिट्टीने तेवढा सूर थांबवला होता. पण तो त्यांना बोलला कसा नाही? की बोलला होता? बोलला असेल आणि आपण हो हो म्हणून मान डोलावली असेल, तर ती मान कोणाची होती? एकतीस वर्षं ज्या फळ्या त्यांना डोळे मिटून सापडायच्या, त्या फळ्यांकडे बघायची त्यांना भीती वाटू लागली. बाटल्या सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. हात लावावा अशी एकही नव्हती.

गप्प बसता आलं असतं. निवृत्तीला तीन वर्षं होती. शिट्टी पाठीशी होताच, दोनदा तपासून घेता आलं असतं, वहीत लिहून ठेवता आलं असतं. हे सगळं बाईंच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना मोहही झाला. खिडकी गेली तर उरतं काय? दोन खोल्या, एक दोरी आणि स्वतःपासून लपवलेली भुयारं. पण चार वर्षं हा आकडा त्यांच्यासमोरून हलेना. साहेबांच्या खोलीत दिवा लागलेला दिसला तेव्हा त्या चिठ्ठी हातात धरून उठल्या.

साहेब कोट काढून खुंटीला लावत होते. माणूस कडक, औषध विभागात त्यांच्या बुटांचा आवाज ओळखून लोक सरळ बसत. बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. खेळाचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, हसू येईल म्हणून गाळलं नाही. मंगळवारची संध्याकाळ नाहीशी झाली ते सांगितलं, आईचं सांगितलं, आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. “मला खिडकीवरून उठवा,” त्या म्हणाल्या. “मला भीती वाटते. माझी मलाच भीती वाटते.”

साहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलं नाही. ते उठून आले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

“बसा बाई,” ते म्हणाले. आवाज इतका हळू की बाईंना तो दुसऱ्याच कोणाचा वाटला. “हे तुम्ही मला शनिवारी सांगितलंत.”

बाई खुर्चीच्या काठावर टेकल्या.

“शनिवारी दुपारी. तुमच्या जोडीदाराने दाखवलेली हीच चिठ्ठी घेऊन आला होतात, नंतर मी ती गठ्ठ्यात परत ठेवली. नकाशाचं तेवढं नव्हतं, ते आज नवीन. बाकी सगळं हेच. आजपासून खिडकीवर दुसऱ्याची नेमणूक केली आहे. आणि बुधवारी अकराला तुम्हाला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, वेळ मी घेतली आहे. त्यांनी सांगितलंय की अशा विसराला कधी कधी साधी कारणंही असतात. तपासल्याशिवाय कोणीच काही ठरवायचं नाही.”

“मी शनिवारी इथे आले होते?” बाईंनी विचारलं.

“याच खुर्चीवर बसला होतात.” साहेबांनी खणातून एक कागद काढला. “तुम्ही मला लिहून घ्यायला लावलंत. वाचू का?”

बाईंनी मान डोलावली.

“‘सोमवारी मी येईन आणि काही झालंच नाही असं म्हणेन. माझी आई असंच म्हणायची. तेव्हा माझं ऐकू नका.’” साहेबांनी कागद खाली ठेवला. “पण तसं झालं नाही. तुम्ही आलात आणि पुन्हा तेच सांगितलंत. खोटं सांगणं सोपं होतं, बाई. तुम्ही दोन्ही वेळा खरं सांगितलंत.”

ते त्यांना धीर द्यायला म्हणाले, हे बाईंना कळलं. थोडा धीर आलाही. शनिवारची ती बाई भित्री असेल, पण लबाड नव्हती. तिला रस्त्यात गाठून दोन शब्द बोलावेत असं बाईंना वाटलं. मग त्यांना आठवलं की आता खिडकी आपली नाही, आणि त्यांनी पर्स उघडून किल्ली टेबलावर ठेवली.

“ही तुमच्याकडे ठेवा,” त्या म्हणाल्या. “ही मी शनिवारी का दिली नाही, कोण जाणे.”

साहेबांनी किल्ली उचलून मुठीत धरली.

“दिली होतीत,” ते म्हणाले. “मी बाहेर खिळ्यावर टांगली होती.”

बाहेर खिडकीसमोर रांग लागायला सुरुवात झाली होती. बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बुधवार, अकरा वाजता, असं पुटपुटत त्या तिथेच बसून राहिल्या.